सम वचनं ह्यांची

३ सप्टेंबर, मंगळवार

आज ह्यांच्या वचनांना वेळ कमी दिला. लिहून ठेवते. नाहीतर दुपारपर्यंत माझं मलाच खरं वाटायला लागेल की सगळं नीट झालं.

सत्तावीस वर्षं आमची एकच रीत — सकाळी सहाला, चहाच्या आधी, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय. विषम आकड्यांची वचनं माझी, सम ह्यांची. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मग परत पहिलं पान. ही नववी फेरी. लेक जन्मली त्या दिवशी तेवढा एक खाडा. तोही ह्यांनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, माझ्या खाटेशेजारी बसून दोन अध्याय वाचून भरून काढला. नर्स किती ओरडली होती!

एप्रिलमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दर रविवारी चर्चमध्ये उभं राहून वाचन करणारा माणूस, आणि आता नुसतं 'अं'. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं किती, ते सांगता येणार नाही." तेव्हापासून मी माझं वचन वाचते आणि थांबते. ह्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढा. ह्यांचा वेग मला पाठ आहे — ओळीवर बोट, सावकाश, अवघड नाव आलं की घसा खाकरायचा. तेवढं थांबून मग पुढचं माझं.

आज कामावरच्या मालकांचा फोन आला मध्येच. "ताई, आठच्या आत याल का?" मग ह्यांच्या वचनाला मी नुसता एक श्वास घेतला आणि पुढं गेले. एकदा नाही, अध्याय संपेपर्यंत.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. की खिडकीकडे? खिडकी माझ्या मागेच आहे.

५ सप्टेंबर

कामावर नाकी नऊ आले. शेजारच्या टेबलावरची नोकरी सोडून गेली, तिच्या कवळ्यासुद्धा आता माझ्याच माथी. सकाळी आठ ते सहा मेणात दात बसवायचे. वरचे चौदा, खालचे चौदा. केसांत प्लॅस्टरची पांढरी पूड. घरी आले की मावशी म्हणतात, "ताई, आज तर पार म्हाताऱ्या होऊन आलात!" मावशी म्हणजे ह्यांना सांभाळायला दिवसा येतात त्या. साडेसातला येतात, मी परतेपर्यंत असतात. तोंडाळ आहेत पण हात मायेचा आहे.

संध्याकाळी महिला मंडळ. चर्चला पन्नास वर्षं होतायत, पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम. पडदे कुठले, फुलं कुणाची, गाणाऱ्यांनी काय घालायचं — दोन तास! सुरुवातीची प्रार्थना अर्ध्या मिनिटात उरकली, कारण पडदेवाला खोळंबला होता.

९ सप्टेंबर, सोमवार

आज दोनच वचनांचं स्तोत्र. एक माझं, एक ह्यांचं. माझं वाचलं आणि थांबले. ह्यांचे ओठ हलले! शब्द नाही, पण हलले. अगदी तेवढाच वेळ, जेवढा ह्यांना लागला असता.

दिवसभर कुणाशी वाकडं बोलले नाही मी. मालकसुद्धा बघत राहिले.

११ सप्टेंबर

आज ते लांब स्तोत्र होतं. एकशे शहात्तर वचनं! दर फेरीला हे आलं की आम्ही पाचला उठायचो. हे आदल्या दिवशीच सांगायचे, "उद्या मोठी चढण आहे हं, गजर लाव."

काल मला कुणी सांगितलं नाही. गजर लावला नाही. सहाला पुस्तक उघडलं, पानं मोजली. आठच्या आत टेबलावर पोहोचायचं. ह्यांचं पुसून, कपडे बदलून, भरवून व्हायचं. मी दोन वचनं वाचली आणि पुस्तक मिटलं. उद्या लवकर उठून पूर्ण करू म्हटलं.

१२ सप्टेंबर

नाही उठले.

१३ सप्टेंबर

एक पाप केलं. लहान म्हणावं तर लहान नाही.

सकाळी हे झोपलेत असं वाटलं. मी पुस्तकातली खुणेची लाल फीत दोन अध्याय पुढं सरकवली. लांब स्तोत्राच्या पलीकडे. मग ह्यांनी डोळे उघडले तेव्हा म्हटलं, "वाचलं हं मी आपलं. तुम्ही झोपला होतात, उठवलं नाही."

का म्हटलं असं? कुणी विचारलं होतं? शनिवारी पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, भेटायला येतात, त्या पुस्तकाकडे बघतात — फीत कुठवर आलीय ते. हे एक कारण. दुसरं म्हणजे हे. ह्यांना काही कळत असेल तर बरं वाटावं. आणि कळत नसेल, तर काय बिघडलं?

हे शेवटचं वाक्य मी लिहिलं खरं. खोडत नाही. असू दे.

१७ सप्टेंबर

फीत परत लांब स्तोत्रावर! मावशींचं काम असणार. पुस्तक पुसताना पडलं असेल, घातली असेल कुठंतरी. मी पुन्हा पुढं नेली, आज जिथं असायला हवी होती तिथं. रोज एक अध्याय धरून बरोबर. हिशेब चोख आहे माझा, वाचन तेवढं नाही.

२० सप्टेंबर

लेकीचा फोन. परगावी नोकरी, सुट्टी मिळत नाही, रडते. "आई, बाबांबरोबर वाचतेस ना गं रोज? मला त्याचाच आधार वाटतो. इथं सहा वाजले की मी तुमचाच विचार करते."

"वाचते गं," म्हटलं.

फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला देव जाणे. घरात ऐकणारं कोण होतं? हेच.

२३ सप्टेंबर

पाळकबाई म्हणाल्या, कार्यक्रमात दहा मिनिटं बोला. विषय — कुटुंबातली उपासना. "तुमच्याशिवाय दुसरं कोण आहे आपल्यात? एवढ्या संकटातसुद्धा तुमचा नेम चुकला नाही."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण त्यांनी माझा हात हातात घेतला, दोन बायका मान डोलवत होत्या, आणि खरं सांगू? बरं वाटलं मला. सहा महिने नुसतं गूमूत काढतेय, कुणी तोंड भरून कौतुक केलं की माणूस वितळतो. हो म्हणून आले.

२६ सप्टेंबर

आज फीत पुन्हा तिथंच. त्याच पानावर! मावशींना विचारलं, "पुस्तकाला हात लावता का?" तर म्हणे, "मी कशाला फीत हलवू ताई?" खोटं बोलतात. हलवली तर हलवली म्हणावं, मी काय खाणार आहे?

पुढं सरकवली. आता ही सवयच झाली. रात्री दार लावायचं, गॅस बंद करायचा, फीत सरकवायची.

१ ऑक्टोबर, मंगळवार

एक म्हातारी बाई आज थेट कामाच्या जागी आली. कवळी बनवणाऱ्या बाईला भेटायचंय म्हणाली. मला वाटलं, झालं, टोचते म्हणून भांडायला आली. तर नाही! माझ्यासमोर उभी राहून नातवंडांची नावं घेतली, एकेक, स्पष्ट. "दोन वर्षं नीट बोलता येत नव्हतं गं. सगळे हो हो म्हणायचे आणि निघून जायचे." दात काढून हसली. माझेच दात.

दिवसभर परक्या लोकांना बोलतं करते मी, आणि घरी आल्यावर ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढं चार वचनं वाचवत नाहीत. हात मेणात असतात तेव्हा देवाला सांगते — उद्या नक्की. उद्या. देवालाही मी मालकांना सांगते तसंच सांगायला लागलेय.

६ ऑक्टोबर, रविवार

चर्चमधून आल्यावर ह्यांची दाढी केली. जुनी गोष्ट आठवली.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा मला बरोबर घेऊन गेले होते. सुट्टीच्या दिवशी बोलावणं आलं, एक बाई दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली. ह्यांनी आधी हत्यारं काढली नाहीत. दाराला तोंड लावून बोलायला लागले. "बाई, तुमचं नाव काय? काय आणायला निघाला होता? भाजी? कुठली?" हात काम करत होते, तोंड बोलत होतं. पाऊण तास! नंतर मला म्हणाले, "दार उघडणं हे सोपं काम गं. तोवर आतल्याशी बोलत राहायचं, ते खरं. आवाज थांबला की आतलं माणूस घाबरतं. त्याला वाटतं, गेले सगळे."

दाढी करताना गालावर जरा कापलं. 'अं' म्हणाले. मी "सॉरी" म्हटलं आणि पुढची दाढी न बोलता केली.

८ ऑक्टोबर

सहाला बसले. खरंच बसले! रात्री फीत सरकवली होती तिथून, म्हणजे आज जिथं असायला हवी तिथून वाचायला लागले. ह्यांनी डोळे मिटून घेतले. मान भिंतीकडे वळवली.

मला इतका राग आला! म्हटलं, बसते तेव्हाही ह्यांना नको. तिसऱ्या वचनाला फोन वाजला — फुलवाला — आणि मी तो घेतला. सुटल्यासारखा घेतला.

१४ ऑक्टोबर

भाषण लिहितेय. पहिलं वाक्य छान झालंय. 'आमच्या घरात दिवसाची सुरुवात दोन आवाजांनी होते.'

होते? होत होती. लिहिताना 'होते'च राहू दिलं. ऐकायला बरं वाटतं.

१९ ऑक्टोबर

उद्या कार्यक्रम. पडदे आले, आखूड निघाले. पाळकबाई दात-ओठ खात होत्या. मी तीन तास पडद्यांना पट्टी शिवत बसले. देवाच्या घराचे पडदे म्हणे. घरी यायला साडेसात. मावशी ताटकळल्या होत्या, तोंड फुगवून गेल्या.

२० ऑक्टोबर, रविवार

झालं भाषण.

विषम-समची गोष्ट सांगितली. झटक्यानंतर मी कशी थांबते, ह्यांच्या आवाजाएवढी, तेही सांगितलं. मग चर्चमध्येच थांबून दाखवलं. एवढी शांतता पसरली! मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. संपल्यावर एक नवीन लग्न झालेली मुलगी आली, नवऱ्याला बरोबर घेऊन. "काकू, अजूनही रोज?"

तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं, "हो. रोज."

"मग आम्हीपण उद्यापासून," ती नवऱ्याला म्हणाली.

घरी आले. हे जागे होते. मी साडी न बदलता खाटेशी बसले. सगळं सांगावं असं खूप वाटलं. पण थकले होते. उद्या सांगेन म्हटलं, पुस्तक घेऊन बसेन आणि आधी माफी मागेन.

२१ ऑक्टोबर

पाचला उठले. ह्या वेळी खरंच गजर लावला होता. ह्यांना टेकून बसवलं. पुस्तक उघडलं तर फीत पुन्हा लांब स्तोत्रावर.

मला वाटलं, कुणीतरी मुद्दाम माझं लबाडीचं पान माझ्या तोंडावर फेकतंय. वाचलंच नाही. मिटलं पुस्तक. मावशी आल्या तेव्हा त्यांच्यावर तुटून पडले. "कितीदा सांगायचं? दुसऱ्याच्या वस्तूंना हात लावायचा नाही! माझ्या पाळतीवर आहात का तुम्ही?" मावशींचा चेहरा उतरला. एरवी चार शब्द सुनावले असते, आज एकही नाही.

हे 'अं, अं' करायला लागले. मोठ्यानं. डावा हात गादीवर आपटत होते. मला वाटलं, आवाजानं घाबरले. चादर नीट केली आणि कामाला गेले.

संध्याकाळी माफी मागू दोघांची.

संध्याकाळी चार कवळ्या परत आल्या, थांबावं लागलं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

हे गेले. अकरा वाजता. मी टेबलावर होते. मावशींचा फोन आला तेव्हा हाताला मेण होतं, उचलता येईना.

२६ ऑक्टोबर

काल माती दिली. अख्खं चर्च आलं होतं. पाळकसाहेब कबरीजवळ म्हणाले, शेवटच्या दिवसापर्यंत ह्या घरात वचन वाचलं गेलं. लेकीनं माझा हात घट्ट दाबला.

मी गप्प राहिले. कबरीजवळ उभी राहून गप्प राहिले.

दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माझ्या माणसाशी मी बोलणं थांबवलं. एवढंच सारखं मनात येतंय. ह्यांना वाटलं असेल, गेले सगळे.

२९ ऑक्टोबर

लेकीला सांगितलं. सगळं, तेरा सप्टेंबरपासूनचं. ऐकता ऐकता तिनं ह्यांच्या शर्टांच्या घड्या घातल्या. मग म्हणाली, "बाबांना कळत नव्हतं गं आई. डॉक्टर म्हणाले होते ना." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली बिचारी. हेच वाक्य मीही स्वतःला सांगत आले होते. तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा किळस आली त्याची.

पाळकबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "देव परिस्थिती जाणतो." फार चटकन म्हणाल्या. त्या नव्या मुलीला अजून सांगायचं आहे. रोज वाचतात म्हणे दोघं. कुठल्या तोंडानं सांगू?

२ नोव्हेंबर, शनिवार

मावशी आल्या होत्या, किल्ली द्यायला. मी आधी माफी मागितली. पुस्तकावरून बोलले त्याची. म्हटलं, फीत हलली तर हलली, एवढं बोलायला नको होतं.

मावशी म्हणाल्या, "ताई, मला वाचता येत नाही."

मला आधी कळलंच नाही, त्या हे का सांगतायत.

"मला वाचता येत नाही हो. कुठलं पान कुठलं मला काय माहीत? मी घातली असती तर रोज वेगळीकडे पडली असती."

रोज तेच पान. मी स्वतःच लिहून ठेवलंय इथं — त्याच पानावर! सहा आठवडे डोळ्यांसमोर होतं.

"साहेब हलवायचे," मावशी म्हणाल्या. "तुम्ही गेलात की पुस्तकाकडे बघून 'अं' करायचे. मी मांडीवर उशी ठेवून त्यावर पुस्तक द्यायची. डाव्या हातानं एकेक पान मागं. कधी दोन पानं चिकटून यायची, मग पुन्हा. घामानं डबडबायचे. अर्धी सकाळ जायची. पान सापडलं की अंगठ्यानं फीत ओढून घ्यायचे आणि त्यावर हात ठेवून बसायचे. मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे."

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"सांगणार होते की. दोनदा सांगायला निघाले. त्यांनी माझी बाही धरली आणि मान हलवली — नको म्हणून. तुम्ही दमून येता, दिसत होतं त्यांना. त्या दिवशी तुम्ही मला बोललात ना, तुम्ही गेल्यावर त्यांनी माझा हात धरला. सोडेनात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुमच्या वतीनं असेल."

मावशी गेल्या. किल्ली अजून माझ्या हातात आहे.

सगळं कळत होतं त्यांना. मी 'वाचलं' म्हटलं तेव्हाही. आठ तारखेला मी पुढून वाचायला लागले तेव्हा तोंड फिरवलं, ते वाचन नको म्हणून नाही. मधली चढण राहिली होती म्हणून. त्यांना मला पकडायचं नव्हतं. जिथं सुटलं तिथून पुढं जायचं होतं, एवढंच. माझी वाट बघत होते ते, त्या पानावर हात ठेवून.

३ नोव्हेंबर, रविवार

पाचचा गजर लावला. फीत होती त्या पानावर बसले. विषम वाचली, समच्या जागी थांबले — पूर्ण, घसा खाकरण्याएवढी. दोन तास लागले. शेवटचं वचन सम आहे. ह्यांचं.

अजून थांबले आहे.